एका हाताने टाळी वाजत नाही

२०२० साली करोनाच्या साथीत ‘अँटिबॉडी’ हा शब्द आमच्या बीडच्या चहाच्या टपरीपर्यंत येऊन पोचला. पावसाळ्यात ‘तुमच्याकडे किती झाला?’ असे विचारतात, तसे लोक एकमेकांना ‘तुमच्या अँटिबॉडी किती निघाल्या?’ असे विचारू लागले. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. विज्ञानाची आणि माझी संगत दहावीनंतर सुटली. पण हा शब्द माझ्या घरी करोनाच्या चार वर्षे आधीच आला होता, माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आपाच्या रिपोर्टातून. आणि शब्द माहीत नव्हता तेव्हाही ती वस्तू मी हाताळली होती.

आज त्या वस्तूविषयी बोलायचे आहे. आजाराशी लढणारी म्हणून आपण तिला ओळखतो. पण गेल्या साठ-सत्तर वर्षांत तिने आणखी एक मोठे काम केले आहे. आपल्या शरीरातली पेशी कधी वाढायचे आणि कधी थांबायचे हे कसे ठरवते, ते समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञांना तिचा फार उपयोग झाला. हा इतिहास मी पुस्तकांतून आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून गोळा केला. तो गोळा करण्याची वेळ का आली, ते पुढे येईलच.

आमचे मूळ गाव गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठचे. काळी जमीन, ऊस, बांधावर कमरेएवढे गवत, साप असायचेच. मी सहा-सात वर्षांचा असताना शेजारच्या काकांना रात्री उसाला पाणी देताना घोणस चावली. बैलगाडीत घालून त्यांना दवाखान्यात नेले. अब्बा सोबत गेले होते. परत आल्यावर ओसरीवर बसून त्यांनी सांगितले, की डॉक्टरांनी कुपीतले औषध शिरेतून दिले आणि ते औषध घोड्याच्या रक्तातून काढतात. आपा तेव्हा चौदा वर्षांची. तिने विचारले, “साप चावला माणसाला, आणि रक्त घोड्याचं?” अब्बा म्हणाले, “बेटा, घोड्याला थोडं थोडं विष टोचतात. त्याचं रक्त ते विष ओळखायला शिकतं. मग ती ओळख आपल्याला उसनी मिळते.” काका वाचले. त्या वर्षी नागपंचमीला काकूंनी आपाला हाताला धरून नेले आणि लिंबाच्या झोक्यावर सगळ्यांत आधी बसवले. अब्बांनी खिशात घालून आणलेल्या रिकाम्या कुपीशी मी पुष्कळ दिवस खेळत होतो.

अब्बांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण त्यांच्यापेक्षा सोपी व्याख्या मला अजून सापडलेली नाही. रक्तातली ही ओळखणारी वस्तू म्हणजे अँटिबॉडी, मराठीत प्रतिपिंड. पोरांच्या बेचकीच्या लाकडासारखा त्याचा आकार असतो: एक दांडा आणि दोन फाटे. दोन्ही फाट्यांच्या टोकाला सारखीच खाच, आणि त्या खाचेत ठरावीक आकारच नेमका बसतो. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि जपानचे शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिले, की घटसर्प आणि धनुर्वात यांच्या विषाला रोखणारे काहीतरी जनावराच्या रक्तात तयार होते आणि ते दुसऱ्या जनावराला देता येते. पाच वर्षांत फ्रान्सच्या अल्बेर काल्मेत यांनी तीच युक्ती सापाच्या विषावर चालवली. आपल्याकडे मुंबईत परळला प्लेगच्या लसीसाठी जी प्रयोगशाळा आली, तिला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव मिळाले. पुढे तिथेही घोड्यांपासून सर्पदंशावरचे औषध तयार होऊ लागले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांना पुरे पडणारे हे औषध मराठवाड्यातल्या कितीतरी उंबऱ्यांचा आधार झाले.

सापाच्या विषाचा आपल्या गोष्टीशी दुसराही एक संबंध आहे. रिटा लेवी-मोंताल्चिनी नावाची इटलीची एक ज्यू डॉक्टर होती. १९३८ च्या वंशभेदाच्या कायद्यांनी तिला विद्यापीठाची दारे बंद केली. तेव्हा तिने तुरीनमधल्या घरी, झोपायच्या खोलीत, कोंबडीच्या अंड्यांवर प्रयोग चालू ठेवले. अंड्यातल्या पिल्लाच्या नसा कशा फुटतात आणि कशा वाढतात, हे तिला पाहायचे होते. युद्धानंतर ती अमेरिकेत सेंट लुईसला गेली. तिथे तिच्या लक्षात आले, की उंदराच्या एका गाठीतून असा काही पदार्थ पाझरतो, की ज्याने मज्जातंतूंना भराभर फुटवे येतात. तिचे सहकारी स्टॅन्ली कोहेन हा पदार्थ शुद्ध करू पाहत होते. त्यातले नको ते द्रव्य तोडण्यासाठी १९५६ च्या सुमारास त्यांनी मिश्रणात सापाचे विष घातले. फुटवे थांबण्याऐवजी कितीतरी वाढले, कारण खुद्द विषातच तो पदार्थ भरपूर होता. विषाची ग्रंथी म्हणजे एका अर्थी सापाची लाळग्रंथीच, म्हणून त्यांनी उंदराची लाळग्रंथी तपासली. तिथेही तो मिळाला. पेशीला ‘वाढ’ असे सांगणारा हा निरोप्या. त्याला मज्जातंतूंचा वृद्धिघटक असे नाव मिळाले.

आता प्रश्न असा, की हा निरोप्या शरीरात खरोखर लागतो का? काचेच्या बशीत काय होते ते दिसले, पण जिवंत प्राण्यात? इथे प्रतिपिंड कामाला आले. सशाला हा पदार्थ टोचला. सशाच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली. ती नवजात उंदरांना दिली. थोड्या दिवसांनी पाहिले, तर त्या उंदरांमधल्या मज्जासंस्थेचा एक सबंध विभाग, हृदय आणि रक्तवाहिन्यांचे काम सांभाळणारा, जवळजवळ नाहीसा झालेला! घरातला माणूस किती काम करतो, हे तो गावाला गेल्यावर कळते. प्रतिपिंडाने त्या निरोप्याला गावाला पाठवले आणि त्याचे काम उघडे पडले. हे १९६० च्या सुमाराचे.

कोहेन यांना त्याच लाळग्रंथीत आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली. तिचा अर्क दिलेल्या पिल्लांचे डोळे तेरा-चौदा दिवसांऐवजी सातव्या दिवशीच उघडत होते. त्यातून त्वचेचा वृद्धिघटक सापडला. या दोन शोधांबद्दल १९८६ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले.

निरोप्या सापडला, पण तो पेशीच्या आत जाऊन काम करत नाही. पेशीच्या भिंतीत त्याच्यासाठी एक दार असते. त्याला ग्राही म्हणतात. ग्राहीचा एक भाग बाहेर, एक भिंतीत आणि एक आत. निरोप्या बाहेरच्या भागाला चिकटतो, आणि आतल्या भागाचे काम सुरू होते. बाहेर कडी वाजली हे आत कसे कळते? भिंतीत अडकलेली ही बारीक दोरी तर हललेली दिसत नाही. या प्रश्नाने शास्त्रज्ञांना बरीच वर्षे छळले.

त्याचे उत्तर प्रतिपिंडाच्या दोन फाट्यांनी मिळाले. १९७० च्या दशकात अमेरिकेत काही रुग्ण आढळले. त्यांचे शरीर स्वतःच्याच इन्शुलिनच्या ग्राहीविरुद्ध प्रतिपिंडे बनवत होते. ती प्रतिपिंडे चरबीच्या पेशींवर टाकली, तर त्या पेशी इन्शुलिन मिळाल्यासारख्या वागू लागल्या. निरोप्या नाही, तरी निरोप पोचला. मग रोनाल्ड कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिपिंडाचे तुकडे केले, म्हणजे प्रत्येक तुकड्याला एकच फाटा राहील. तो ग्राहीला चिकटे, पण निरोप काही जाईना. नंतर त्या एकफाटी तुकड्यांना दुसऱ्या प्रतिपिंडाने एकमेकांशी बांधले, आणि निरोप पुन्हा जाऊ लागला. हे १९७८ चे काम. १९८३ मध्ये इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत जोसेफ श्लेसिंजर यांच्या गटाने त्वचेच्या वृद्धिघटकाच्या ग्राहीबाबतही असेच दाखवले.

याचा अर्थ आपल्या घरातल्या म्हातारीला सांगायला नको. एका हाताने टाळी वाजत नाही. दोन ग्राही एकमेकांजवळ आले की त्यांचे आतले भाग एकमेकांना जागे करतात आणि मग पेशीच्या पोटात हुकूम सुटतो. प्रतिपिंडाला दोन फाटे आहेत म्हणून ते दोन ग्राहींना जवळ आणते. एक फाटा मोडला की टाळी बंद. डोळ्यांना दिसणार नाही अशी गोष्ट इतक्या साध्या युक्तीने सिद्ध झाली. मला तर ही एखाद्या चांगल्या शेराइतकीच नेटकी वाटते.

हे प्रयोग बारकाईने करता आले त्याला आणखी एक कारण होते. घोड्याच्या किंवा सशाच्या रक्तात नाना तऱ्हेची प्रतिपिंडे मिसळलेली असतात. १९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच तऱ्हेचे प्रतिपिंड हवे तितके बनवण्याची रीत काढली. प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि कधीही न मरणारी कर्कपेशी यांचे त्यांनी लग्न लावले. जत्रेतल्या गर्दीऐवजी आता एकेक ओळखीचा माणूस वेगळा उभा करता येऊ लागला.

पण प्रतिपिंड टाकून पाहायचे, तर पेशी काचेत जिवंत ठेवता आली पाहिजे. ही विद्या आपल्या देशात रुजवण्यात एका मराठी बाईचा मोठा वाटा आहे. कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे, १९१७ मध्ये पुण्यात जन्मल्या. मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभारली. उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगावर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

नेमक्या त्याच १९८२ मध्ये, मुंबईशी नाते असलेल्या आणखी एका शास्त्रज्ञाचे नाव या इतिहासात उमटले. ते नाव लक्ष्मीचरण पाढी. अमेरिकेत एमआयटीमध्ये रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत ते काम करत होते. पुढे मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी संशोधन केले. त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता: मज्जापेशींचा कर्करोग झालेल्या घुशीसारख्या मोठ्या उंदराचा डीएनए साध्या पेशीत घातला, की तीही कर्कपेशी होते, मग त्या डीएनएमधून अशी कोणती वस्तू तयार होते, जी हे सगळे घडवते? ती शोधायची कशी?

पाढी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाफकिनच्या घोड्याचेच तत्त्व वापरले. बिघडलेल्या पेशी छोट्या उंदरांना टोचल्या. त्यांना गाठी आल्या, पण त्यांच्या रक्ताने त्या परक्या वस्तूची ओळखही करून घेतली. ते रक्त गळासारखे वापरून पेशींच्या चोथ्यात टाकले, तर गळाला एक प्रथिन लागले. हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे १ लाख ८५ हजार पट वजनाचे. साध्या पेशीत ते त्या रक्ताच्या गळाला लागत नव्हते. त्यामागच्या जनुकाला ‘न्यू’ असे नाव पडले.

पुढच्या दोन-तीन वर्षांत गोष्टी भराभर जुळल्या. लंडनमध्ये मायकेल वॉटरफील्ड यांच्या गटाने त्वचेच्या वृद्धिघटकाचा ग्राही प्रतिपिंडाच्या गळानेच शुद्ध केला. त्यासाठी त्यांनी कर्कपेशी घेतल्या, आणि बाळंतपणानंतर आपण पुरून टाकतो ती वारही घेतली. १९८४ मध्ये त्याची घडण वाचली, तर कोंबड्यांना कर्करोग करणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाशी ती जुळली. विषाणूने ग्राहीची चोरी केली होती, पण बाहेरचा भाग टाकून. बाहेरचे दार नाही, कडी नाही. आत मात्र हुकूम अखंड चालू. कर्करोग म्हणजे काय, हे त्या एका वाक्यात बरेचसे आले. ‘न्यू’ हे जनुक त्याच घराण्यातले निघाले. त्याचे मानवी भावंड १९८५ मध्ये हाती लागले. त्याला हर-टू म्हणतात.

आता मघाच्या गळाकडे परत येऊ. पाढींचे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर बसलेले होते. म्हणजे बाहेरून त्याला हात लावता येत होता. पण प्रतिपिंड जिवंत कर्कपेशीवर टाकून ती थांबते का, हे पाहण्याचा प्रयोग १९८२ मध्ये झाला नाही. वस्तू ओळखण्यातच सगळ्यांचे मन गुंतले होते. जेफ्री ड्रेबिन आणि मार्क ग्रीन यांनी तो वाइनबर्ग यांच्या साथीने १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. प्रतिपिंड चिकटताच तो ग्राही पेशीच्या पृष्ठभागावरून नाहीसा होऊ लागला, आणि बिघडलेल्या पेशी पुन्हा साध्या पेशींसारख्या वागू लागल्या. जे प्रतिपिंड पाहण्यासाठी बनवले होते, ते थांबवूही शकत होते.

इथे कुणी विचारेल, की मघाशी प्रतिपिंडाने टाळी वाजवली आणि आता तीच थांबवली, हे कसे? ते कुठे धरते यावर सारे अवलंबून. एका जागी धरले की दोन हात जवळ येतात. दुसऱ्या जागी धरले की हात बांधले जातात, किंवा दारच काढून घेतले जाते. म्हणून एकाच ग्राहीची दहा प्रतिपिंडे बनवून, कोणते काय करते हे पाहिले, की ग्राहीचा कोणता भाग कशासाठी आहे त्याचा नकाशा तयार होतो.

१९८७ मध्ये लॉस एंजेलिसला डेनिस स्लॅमन यांनी १८९ स्त्रियांच्या स्तनातल्या गाठी तपासल्या. सुमारे ३० टक्क्यांमध्ये हर-टूच्या जनुकाच्या प्रमाणाबाहेर प्रती होत्या, आणि त्या बायकांचा आजार लवकर उलटत होता. पुढच्या मोजणीत हे प्रमाण सर्वसाधारणपणे १५ ते २० टक्के निघाले. त्याच १९८७ साली आमच्या शेजारी बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांत कार्यकर्ते गावोगाव जाऊन रुग्ण मोजू लागले, बायकांना लक्षणे समजावून सांगू लागले, आणि त्यामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका थोड्या लवकर दवाखान्यात येऊ लागल्या. तिकडे सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी, इकडे उंबऱ्याउंबऱ्यावर. दोन्ही मोजण्या भेटायला बराच काळ जायचा होता.

मधल्या काळात माझी खाला गेली. १९९४ साली. स्तनातली गाठ, ऑपरेशन, आणि दीड वर्षात सगळे संपले. तिच्या कागदावर एकच शब्द होता: कॅन्सर. तो कोणत्या जातीचा, त्याचे दार कोणते, असे विचारायचे असते हे आम्हाला माहीत नव्हते, आणि सांगणारेही कुणी नव्हते.

हर-टूविरुद्ध उंदरापासून बनवलेल्या एका प्रतिपिंडाने काचेतल्या कर्कपेशींची वाढ रोखल्याचे अमेरिकेतल्या जेनेन्टेक कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये दाखवले. उंदराची वस्तू माणसाचे रक्त परकी मानते. म्हणून १९९२ मध्ये पॉल कार्टर आणि सहकाऱ्यांनी तिचे फक्त पकडणारे टोक उंदराचे ठेवून बाकी लाकूड माणसाचे केले. १९९८ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. ट्रॅस्टुझुमॅब हे त्याचे नाव. पाढींच्या गळाला मासा लागल्यापासून सोळा वर्षे झाली होती.

औषध बाहेर आले तरी प्रतिपिंडाचे शिकवणे संपले नाही. काही रुग्णांचे हृदय कमजोर होऊ लागले, विशेषतः ज्यांना सोबत एका जातीची जुनी केमोथेरपी चालू होती त्यांचे. हृदयाचा आणि हर-टूचा काय संबंध? हे जनुक काढून टाकलेली उंदराची पिल्ले हृदय नीट न घडल्याने गर्भातच मरतात, हे १९९५ मध्ये दिसले होते. म्हणजे जो ग्राही स्तनात बेताल झाला, तोच हृदयाचा सांभाळ करतो. २००३ मध्ये प्रतिपिंडाला चिकटलेल्या हर-टूची घडण अणूच्या बारकाव्याने दिसली. इतर ग्राही निरोप्या येईपर्यंत आपला हात दुमडून ठेवतात. हर-टूचा हात कायम पुढे केलेला असतो. त्याचा स्वतःचा निरोप्याच नाही. त्याचे एक भावंड, हर-थ्री, निरोप ऐकते, पण त्याला स्वतःला हुकूम सोडता येत नाही. आपल्या गोष्टीतल्या आंधळ्या-पांगळ्यासारखी ही जोडी: एकट्याचे कुणाचेच चालत नाही, दोघे मिळून मात्र सुसाट धावतात. पर्टुझुमॅब हे दुसरे प्रतिपिंड बरोबर त्या पुढे केलेल्या हातावर बसते आणि जोडी जमू देत नाही. २०१२ मध्ये तेही औषध झाले.

आता आपाकडे येतो. २०१६ चा उन्हाळा. लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तो दुष्काळ. आपा तेव्हा चौपन्न वर्षांची. डाव्या स्तनातली गाठ तिने चार महिने कुणाला सांगितली नाही. आधी लाज, मग नातवाच्या अकिक्याचे काम, मग खर्चाची भीती. शेवटी माझ्या बायकोला सांगितले. ऑपरेशननंतर रिपोर्ट आला, त्यात एक ओळ होती: हर-टू, तीन अधिक. मी तो कागद घेऊन तपासणी करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो आणि विचारले, हे काय असते. त्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकावर बसवले. निळसर ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती तपकिरी गोल रेघ. सगळी काच मिळून चाळणीच्या जाळीसारखी दिसत होती. डॉक्टर म्हणाल्या, “ही तपकिरी रेघ म्हणजे अँटिबॉडी. जिथे हर-टू आहे तिथे ती चिकटते आणि आपण तिला रंग देतो. रेघ नसती, तर हे औषध तुमच्या बहिणीच्या उपयोगाचं नव्हतं.”

मी परतताना एसटीत विचार करत होतो. खालाच्या आणि आपाच्या कागदात बावीस वर्षांचे अंतर. त्या अंतरात रिटा बाईंची झोपायची खोली, परळची काचपात्रे, पाढींचा गळ, स्लॅमन यांच्या १८९ गाठी, हे सगळे येऊन बसले होते.

पण ज्ञान आले म्हणून औषध दारात येत नाही. सुरुवातीला आपल्या देशात या औषधाच्या एका मोठ्या कुपीची किंमत लाखाच्या वर होती. पूर्ण उपचार म्हणजे दर तीन आठवड्यांनी एक, असे वर्षभर. रुग्णांच्या संघटनांनी आवाज उठवला, सक्तीच्या परवान्याची चर्चा झाली, २०१३ मध्ये मूळ कंपनीने भारतातल्या पेटंटचा पाठपुरावा सोडला. २०१४ च्या जानेवारीत बंगळूरच्या बायोकॉनने आपले औषध ५७,५०० रुपयांना आणले. मग आणखी कंपन्या आल्या, किमती उतरल्या. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. उतरलेली किंमतही आमच्यासारख्यांना डोंगराएवढीच. दुष्काळात जमिनीला भाव नव्हता. तरी दाजींनी दोन म्हशी आणि एक एकराचा तुकडा विकला, भाच्याने मुकादमाकडून उचल घेतली, आणि मी भविष्य निर्वाह निधीतून कर्ज काढले. ज्यांच्याकडे म्हशीही नसतात त्यांचे काय होते, ते त्या वर्षी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी रोज पाहिले. एक बाई दोन डोस घेऊन पुन्हा आलीच नाही. ती ऊसतोडीला गेली असे नंतर कळले.

पहिल्या डोसाच्या दिवशी आपा पलंगावर बसली होती. नर्सने सलाइनला कुपी जोडली. आपाने थेंबाथेंबाकडे पाहत मला विचारले, “हे पण घोड्याचंच का रे?”

चाळीस वर्षांपूर्वीची ओसरी तिच्या लक्षात होती. मी म्हणालो, “नाही आपा, हे मूळचं उंदराचं. पण आता बरंचसं माणसाचं केलंय.”

ती हसली. म्हणाली, “ओळख मात्र उसनीच.”

दर तीन महिन्यांनी तिच्या हृदयाची तपासणी झाली. मधे एकदा महिनाभर औषध थांबवावे लागले, मग पुन्हा सुरू केले. वर्ष पूर्ण झाले. आज ती गावी आहे, नातवंडांत आहे. यातले श्रेय कुणाला किती, हे मी ठरवू शकत नाही. ऑपरेशनचे, केमोचे, नशिबाचेही असेल. सगळ्यांचे हर-टू असे ऐकत नाही, हेही मी व्हरांड्यात पाहिले आहे.

तुम्हाला सांगायचे ते एवढेच. प्रतिपिंडाने आधी पेशीचे दार दाखवले, आणि ते नीट दिसल्यानंतरच तिथे कुलूप लावता आले. आपल्या घरातही तसेच आहे. गाठ लागली तर चार महिने पदराखाली झाकून ठेवू नका. रिपोर्ट आला की ‘कॅन्सर’ या एका शब्दावर थांबू नका. कोणता, कोणत्या दाराचा, हे डॉक्टरांना विचारा. आणि पुरुषांनो, बायकांनी सांगावे असे घरात वातावरण ठेवा, कारण ही टाळीही एका हाताने वाजत नाही.

गेल्या नागपंचमीला मी गावी गेलो होतो. लिंबाचे झाड आता नाही. पोरींनी शाळेच्या लोखंडी खांबाला झोका बांधला होता. शेजारच्या काकू थकल्या आहेत, पण त्यांनी आपाला हाक मारलीच. आपा झोक्यावर बसली नाही. तिने नातीला बसवले आणि मागून उजव्या हाताने एक झोका दिला. डावा हात अजून तिला खांद्याच्या वर नेता येत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)